मुंबईत वन-ट्वेंटीचा रोल कमी खर्चात कसा धुऊन घ्यावा

घरातल्या कपाटात सापडलेला आग्फा क्लिक थ्री असो, चोरबाजारात घासाघीस करून घेतलेला यशिका मॅट असो किंवा मित्राकडून उसना आणलेला मामिया असो, त्यात वन-ट्वेंटीचा, म्हणजे १२० क्रमांकाचा रुंद रोल घालून फोटो काढणे फारसे अवघड नाही. रोल संपल्यावर तो कोठे आणि कितीला धुऊन मिळेल, हा प्रश्न मात्र मुंबईसारख्या शहरातही नवख्याला अडवतो. ३५ मिलिमीटरचा रंगीत रोल तासाभरात धुऊन देणारी दुकाने एके काळी उपनगरातल्या प्रत्येक स्टेशनाबाहेर होती. त्यांची यंत्रे आता बहुतेक ठिकाणी भंगारात गेली आहेत आणि जेथे ती टिकली आहेत तेथेही रुंद रोल घेतला जाईलच असे नाही. साहजिकच १२० घेणारी लॅब सापडली की ती सांगेल तो दर निमूटपणे मान्य करण्याकडे कल होतो. तसे करण्याची गरज नाही. कृष्णधवल रोल घरी धुवावा, रंगीत रोल साठवून एकदम लॅबमध्ये द्यावेत, आणि लॅबकडून फक्त धुतलेली निगेटिव्ह घेऊन स्कॅन स्वतः करावे, अशी सरळ विभागणी केली तर हा छंद मध्यमवर्गीय खिशाला झेपतो.

दर नेमका कशाचा लागतो

१२० चा रोल सुमारे ६१ मिलिमीटर रुंद आणि जवळपास ८० सेंटिमीटर लांब असतो. त्याचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या ३६ फोटोंच्या रोलइतकेच भरते, म्हणून धुताना रसायनही जवळपास तेवढेच खर्च होते. तरीही अनेक ठिकाणी १२० ला जास्त आकार लावतात. ही वाढ रसायनाची नसून हाताच्या कामाची असते, कारण मागचा कागद अंधारात सोडवणे, यंत्राला वेगळी जोडणी लावणे किंवा रोल हातानेच धुणे, यात माणसाचा वेळ जातो. हे लक्षात घेतले की बोलणी कोठे करायची ते कळते: एकाच प्रकारचे पाच-सहा रोल एकदम दिले तर लॅबवाल्याची ही मेहनत विभागली जाते, आणि त्या आधारावर सवलत मागणे रास्त ठरते.

खर्च रोलवर न मोजता फोटोवर मोजावा. एका रोलवर ६×४.५ (फोटोचे माप, सेंटिमीटरमध्ये) चे सहसा १६, ६×६ चे १२, ६×७ चे १० आणि ६×९ चे फक्त ८ फोटो बसतात. समजा, धुणे व स्कॅन मिळून ७२० रुपये लागले, तर ६×४.५ च्या फोटोला ४५ रुपये, ६×६ ला ६० आणि ६×९ ला ९० रुपये पडतात. त्यात फिल्मची किंमत वेगळी. पैशांचा विचार करून कॅमेरा निवडणाऱ्याने हा हिशेब खरेदीआधीच करावा. लॅबचा दर विचारताना ‘फक्त धुण्याचे किती आणि स्कॅनचे किती’ असे दोन आकडे वेगळे मागावेत. स्कॅनचा आकार हा पुष्कळदा धुण्याच्या आकाराच्या बरोबरीने किंवा त्याहून अधिक निघतो, आणि आपल्याला टाळता येण्याजोगा मोठा खर्च तोच असतो.

फिल्म विकत घेतानाच धुण्याचा खर्च ठरून जातो, हेही ध्यानात असू द्यावे. कोडॅक गोल्ड २०० ही फिल्म २०२२ पासून १२० मध्येही मिळते आणि ती कोडॅकच्याच पोर्ट्राहून स्वस्त पडते. दोन्ही सी-४१ पद्धतीने, म्हणजे रंगीत निगेटिव्हच्या नेहमीच्या पद्धतीने, धुतल्या जातात. स्लाइड फिल्म, म्हणजे एक्टाक्रोम, प्रोव्हिया किंवा व्हेल्विया, ई-६ पद्धतीची असते. ते काम करणाऱ्या लॅब फार थोड्या आहेत आणि फिल्मही महाग, म्हणून काटकसर करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असेच मी सांगेन. सिनेमाच्या फिल्मपासून गुंडाळलेले जे रंगीत रोल मिळतात, त्यांतल्या काहींच्या पाठीवर काजळीचा थर असतो. तो सी-४१ च्या यंत्रात गेला तर सगळे रसायन आणि मागून येणारे इतरांचे रोल बिघडतात, तेव्हा असा रोल असल्यास लॅबला आधी सांगणे हे कर्तव्यच समजावे. कृष्णधवलमध्ये चेक बनावटीची फोमापान ही सहसा परवडणारी निवड आहे. इलफोर्डची एक्सपी-२ सुपर दिसायला कृष्णधवल असली तरी सी-४१ मध्ये धुतली जाते, त्यामुळे ज्यांना घरी रसायने आणायचीच नाहीत त्यांनी ती रंगीत रोलांबरोबर लॅबला देऊन टाकावी.

लॅबच्या काउंटरवर

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोरच्या बाजूला, फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेरे आणि फोटोग्राफीच्या सामानाची दुकाने एकाला एक लागून आहेत. कोणती लॅब सध्या १२० घेते, कोणाचे रसायन ताजे असते आणि कोणी हल्ली काम बंद केले आहे, याची पक्की माहिती तेथे फिल्म विकणाऱ्यांकडूनच मिळते, कारण लॅब बंद पडली तर त्यांची फिल्मही पडून राहते. रविवारी हा भाग बहुतेक बंद असतो. उपनगरातून लोकलने एवढे लांब यायचे तर एका रोलसाठी येऊ नये. पाच-सहा रोल जमले की यावे. मात्र साठवण्यालाही मर्यादा आहे, कारण काढलेल्या रोलवरची न धुतलेली प्रतिमा उष्णतेत आणि दमटपणात हळूहळू फिकी होते, शिवाय मागच्या कागदावरचे आकडे व ठिपके फोटोतल्या आकाशात उमटू शकतात. काढलेला रोल गच्च गुंडाळून, चिकटपट्टी लावून, घट्ट झाकणाच्या डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवावा आणि बाहेर काढल्यावर तास-दोन तास डबी उघडू नये, नाहीतर मुंबईच्या हवेत त्यावर लगेच दव धरते.

काउंटरवर काय विचारायचे याचा थोडा सराव हवा. रंगीत रोल आठवड्यातून कोणत्या दिवशी धुतले जातात, हा पहिला प्रश्न असावा, कारण ज्या लॅबमध्ये काम नियमित चालते तेथे रसायनाची ताकद टिकून राहते. कृष्णधवल रोल कोणत्या डेव्हलपरमध्ये, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनात, आणि किती मिनिटे धुतात, हा दुसरा. उत्तर गुळमुळीत आले तर कृष्णधवल तेथे देऊ नये. रोल आपण ठरलेल्या वेगापेक्षा जास्त धरून काढला असेल, उदाहरणार्थ ४०० ची फिल्म ८०० समजून, तर ते पाकिटावर लिहून घ्यावे. निगेटिव्ह कापायच्या की अखंड हव्यात तेही सांगावे. ६×६ असेल तर तीन-तीन फोटोंच्या पट्ट्या सोयीच्या पडतात. आजोबांच्या जुन्या कोडॅक ब्राउनीसारखा ६२० चा कॅमेरा असेल तर त्यात फिल्म १२० चीच, पण स्पूल, म्हणजे फिल्म गुंडाळायची फिरकी, वेगळ्या मापाचे असते. ते स्पूल परत मिळाले नाही तर पुढचा रोल गुंडाळायला काहीच उरत नाही, म्हणून ‘स्पूल परत पाहिजे’ अशी चिठ्ठी रबरबँडने रोललाच बांधावी.

नव्या लॅबला लग्नाचा किंवा प्रवासाचा रोल आधी देऊ नये. एक बिनमहत्त्वाचा रोल देऊन पाहावा आणि निगेटिव्ह हातात आली की ती खिडकीच्या उजेडात धरून फोटोंच्या आधी तिच्या काठाकडे पाहावे. फिल्मचे नाव व आकडे कंपनीने कारखान्यातच काठावर उमटवलेले असतात, त्यामुळे आपल्या कॅमेऱ्याच्या चुकांचा त्यांच्याशी संबंध नसतो. ती अक्षरे ठसठशीत असतील आणि फोटो फिके असतील तर प्रकाश कमी पडला, दोष आपला. अक्षरेच पुसट असतील तर धुण्यात कसर राहिली. अक्षरे स्वच्छ आहेत आणि फोटो मात्र एकही नाही, अशा फिल्मवर कॅमेऱ्यात प्रकाश पडलाच नाही असे समजावे. अक्षरेही नसतील तर डेव्हलपरच्या आधी हायपो, म्हणजे प्रतिमा पक्की करणारा फिक्सर, पडला असण्याची दाट शक्यता असते. यानंतर फिल्म तिरकी धरून तिच्या लांबीला समांतर ओरखडे आहेत का ते पाहावे. हा तपास दोन मिनिटांचा आहे, पण भांडण कोणाशी आणि कशावरून करायचे हे तो नेमके सांगतो.

कृष्णधवल रोल घरी

खरी बचत येथे आहे. त्यासाठी अंधारखोली लागत नाही. हात घालायच्या बाह्या असलेली चेंजिंग बॅग, प्लॅस्टिकचा टँक, फिल्म गुंडाळून टँकमध्ये ठेवायचे, १२० च्या रुंदीला सरकवता येणारे रील, थर्मामीटर, मोजपात्र आणि दोन-तीन बाटल्या एवढे सामान पुरते. पॅटरसनसारख्या टँकमध्ये १२० चा एक रोल बुडायला ५०० मिलिलिटर द्रावण लागते.

रील भरणे ही एकच गोष्ट शिकायला वेळ लागतो. ती आधी वाया गेलेल्या रोलवर उजेडात, मग डोळे मिटून, मग बॅगेत अशी करून पाहावी. बॅगेत रोलची चिकटपट्टी सोडवली की आधी नुसता कागद उलगडत येतो. थोड्याच वेळात फिल्मचे मोकळे टोक बोटाला लागते. ते कागदापासून वेगळे करून रीलच्या तोंडात सरकवावे, दोन्ही कडा खाचेत बसल्याची खात्री बोटांनी करावी आणि मग रीलच्या दोन बाजू आलटूनपालटून फिरवत फिल्म आत घ्यावी. शेवटी फिल्म कागदाला चिकटवलेली पट्टी येते. ती झटक्याने ओढली तर अंधारात बारीक निळसर ठिणगी चमकते, म्हणून हळूच सोलावी. मुंबईत खरा शत्रू घाम आहे. बॅगेत हात घातल्यावर काही मिनिटांतच आत दमट होते आणि ओलसर प्लॅस्टिकवर फिल्म अडून बसते. रील आदल्या दिवशीच कोरडे करून ठेवावे, काम पंख्याखाली किंवा एसी असलेल्या खोलीत करावे, आणि फिल्म अडलीच तर जोर न लावता ती टँकमध्ये टाकून झाकण लावावे, हात बाहेर काढून पुसावेत आणि मग पुन्हा सुरुवात करावी.

डेव्हलपरसाठी तयार पूड घ्यायची किंवा स्वतः मिसळायचे, असे दोन मार्ग आहेत. मरीन लाइन्सजवळच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर, म्हणजे शामळदास गांधी मार्गावर, रसायनांची दुकाने आहेत आणि डी-७६ या डेव्हलपरचे जुने सूत्र जगजाहीर आहे: एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, २ ग्रॅम. सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या पाऊण लिटर पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेले सल्फाइट, मग बाकीचे दोन घटक याच क्रमाने घालावेत, कारण सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल नीट विरघळत नाही. दशांश ग्रॅम मोजणारा काटा, हातमोजे आणि खेळती हवा आवश्यक आहे. मेटॉलने काहींच्या त्वचेला पुरळ येते. यातले एकही भांडे पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. काठोकाठ भरलेल्या बाटलीत हे द्रावण सुमारे सहा महिने आणि अर्ध्या बाटलीत दोनच महिने टिकते, असे धरून चालावे आणि उन्हाळ्यात त्याहूनही लवकर वापरून टाकावे.

वापरताना ते समभाग पाण्यात मिसळून एकदाच वापरावे. एका रोलला २५० मिलिलिटर मूळ द्रावण गेले, म्हणजे लिटरमध्ये चार रोल झाले. इलफोर्डच्या आयडी-११ या डेव्हलपरचे सूत्र जवळपास हेच आहे. त्यात इलफोर्डच्याच एचपी-५ या कृष्णधवल फिल्मला समभाग पाण्यासह २० अंशांवर १३ मिनिटे लागतात, पातळ न करता साडेसात. पातळ करण्याचा मुंबईत आणखी एक फायदा आहे. येथे नळाचे पाणी वर्षातले बहुतेक महिने पंचविशीच्या पुढेच असते आणि तापमान वाढले की वेळ घटते. २० अंशांवर चार मिनिटे लागत असतील तर २३ अंशांवर तीनच लागतात. या प्रमाणात साडेसात मिनिटांची साडेपाचच्या आसपास होतात, आणि पाच मिनिटांच्या खाली गेले की आकाशासारख्या सपाट भागात डाग पडू लागतात. तेरा मिनिटांची मात्र पावणेदहा होतात आणि हाताशी सवड राहते.

सगळे बर्फाने २० अंशांवर आणण्याचा अट्टहास करू नये. डेव्हलपर २० वर आणि धुण्याचे पाणी ३० वर, यापेक्षा सर्व द्रावणे व पाणी २३ किंवा २४ वर एकसारखे ठेवणे फिल्मला मानवते. बाटल्या पाण्याच्या बादलीत उभ्या कराव्यात, बर्फाचे तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून त्याच बादलीत सोडावेत, आणि धुण्यासाठी लागणारे तीन-चार लिटर पाणीही आधीच भरून त्याच तापमानाला आणून ठेवावे. चोवीस अंशांवरची वेळ आपल्या फिल्मच्या तक्त्यात पाहून घ्यावी.

पुढचा क्रम ठरलेला आहे. फिल्म आधी मिनिटभर साध्या पाण्यात ठेवली तर चालते. फोमापानचे पाणी तेव्हा गर्द हिरवट-निळे निघते, त्याने घाबरून जाऊ नये, तो फक्त फिल्मवरचा रंग असतो. डेव्हलपर ओतल्यावर पहिली दहा सेकंद आणि नंतर दर मिनिटाला दहा सेकंद टँक सावकाश उलटासुलटा करावा, प्रत्येक वेळी तळ ओट्यावर हलकेच आपटून बुडबुडे सोडवावेत. त्यानंतर साधे पाणी किंवा पातळ केलेले पांढरे व्हिनेगर, आणि मग फिक्सर. एकास चार प्रमाणात मिसळलेल्या इलफोर्ड रॅपिड फिक्सरच्या एका लिटरमध्ये २४ रोल होतात, म्हणून रोलमागे त्याचा खर्च नगण्य असतो. साधा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, आणखी स्वस्त पडतो, पण सावकाश काम करतो आणि टी-मॅक्स किंवा डेल्टासारख्या फिल्मना तो पुरा पडत नाही. फिक्सरची ताकद तपासायला ३५ मिलिमीटरच्या फिल्मचा निकामी तुकडा त्यात टाकावा, तो पारदर्शक व्हायला लागलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ फिल्म ठेवावी, आणि ताज्या फिक्सरपेक्षा दुप्पट वेळ लागू लागली की तो बदलावा.

धुण्यासाठी नळ अर्धा तास वाहता ठेवणे पाणीकपातीच्या शहरात शोभत नाही आणि त्याची गरजही नाही. रॅपिड फिक्सर वापरला असेल तर टँक पाण्याने भरून पाच वेळा उलटावा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. इलफोर्डने सुचवलेली ही पद्धत दीड-दोन लिटरमध्ये काम भागवते. टँकरच्या किंवा बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग निगेटिव्हवर कायमचे बसतात, तेव्हा शेवटचे बुडवणे बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात करावे आणि त्यात फोटो-फ्लोचे, म्हणजे पाणी फिल्मवर थेंब न धरता निथळावे म्हणून घालायच्या द्रवाचे, एक-दोन थेंब टाकावेत. मग फिल्म न्हाणीघरात, जेथे धूळ सर्वांत कमी असते तेथे, खाली चिमटा लावून टांगावी. पावसाळ्यात ती वाळायला रात्र लागते. घाईने पंखा लावला तर धूळच चिकटते.

कृष्णधवलचा खर्च याहूनही कमी करायचा असेल तर रोडिनाल जातीचा दाट डेव्हलपर घ्यावा. एकास पन्नास प्रमाणात ५०० मिलिलिटरला तो १० मिलिलिटर लागतो आणि उघडलेली बाटली वर्षानुवर्षे टिकते. त्याने रवा, म्हणजे फोटोतले बारीक कण, ठळक दिसतो, अशी तक्रार ३५ मिलिमीटरवाले करतात आणि ती रास्त आहे. पण ६×६ ची निगेटिव्ह ३५ मिलिमीटरच्या साडेतीन पटींहून मोठी असल्यामुळे तेवढा रवा तिला पचतो.

रंगीत रोल घरी धुवावा का

मुंबईचे हवामान कृष्णधवलला जेवढे आडवे येते तेवढेच सी-४१ ला साथ देते, कारण त्याचा डेव्हलपर ३८ अंशांवर सव्वातीन मिनिटे चालवायचा असतो आणि मे महिन्यात बादलीतले कोमट पाणी त्या पातळीवर सहज राहते. तरी मी हा मार्ग सर्वांना सुचवणार नाही. लिटरभराचे किट सहसा आठ-दहा रोलांसाठी असते आणि एकदा मिसळले की काही आठवड्यांत संपवावे लागते. तेवढे रोल एकट्याकडे नसतील तर दोघा-तिघांनी मिळून एक रविवार ठरवून ते धुणे परवडते; नसता लॅबच बरी, कारण सव्वातीन मिनिटांच्या कामात पंधरा-वीस सेकंदांची किंवा एखाद्या अंशाची चूक रंगात दिसते आणि ती नंतर पूर्णपणे सुधारता येत नाही.

स्कॅन आणि जपणूक

६×६ ची निगेटिव्ह प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर चौरस असते. २४०० डीपीआयने स्कॅन केल्यास सुमारे ५,२९० पिक्सेल चौरसाची, म्हणजे २८ मेगापिक्सेलची फाइल मिळते, आणि एवढे काम १२० ची चौकट असलेला साधा फ्लॅटबेड स्कॅनर करतो. जुना एप्सन चार जणांत वाटून घेतला तरी पुष्कळ आहे. डिजिटल कॅमेरा व मॅक्रो लेन्स आधीच घरात असेल तर एलईडीच्या सपाट दिव्यावर निगेटिव्ह ठेवून फोटो काढावा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून चौकोन कापून १६ मेगापिक्सेल उरतात, ते बारा इंची प्रिंटला भरपूर आहेत. लॅबकडून मोठे स्कॅन फक्त त्या एका-दोन फोटोंचे घ्यावे, जे भिंतीवर लागणार आहेत.

निगेटिव्ह पॉलिप्रॉपिलिनच्या पारदर्शक पानांत ठेवाव्यात, स्टेशनरीच्या दुकानातल्या पीव्हीसीच्या पिशव्यांत नव्हे, कारण त्या काही वर्षांनी फिल्मला चिकटतात. पाने घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवून जूनच्या आधी आणि ऑगस्टमध्ये जेल बदलावे, म्हणजे बुरशी धरत नाही. वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नये. त्यात फिल्ममधली चांदी उतरलेली असते. तो कॅनमध्ये साठवून, रंगीत रोल द्यायला जाताना लॅब तो घेते का ते विचारावे.